उन्हाळ्याचे दोन काठ

साहित्यात प्रत्येक ऋतूचे भाग्य जणू आधीच ठरलेले असते. वसंताला कोकीळ मिळाला, वर्षेला मेघ आणि विरह मिळाला, शरदाला चांदणे मिळाले. ग्रीष्माच्या वाट्याला बहुधा विशेषणेच आली: रखरखीत, रणरणते, भाजून काढणारे. 'वैशाख वणवा' हा शब्दप्रयोग आपल्या तोंडी इतका बसला आहे की, वैशाखात वणव्याखेरीज आणखीही काही असते हे पटवून द्यायला पुराव्यानिशी उभे राहावे लागते. उन्हाळ्यावरील आपले ललित लेखन मुख्यतः दोन वाटांनी जाते. एक वाट सोसण्याची, दुसरी पळून जाण्याची; आणि ही दुसरी वाट माथेरान-महाबळेश्वरला पोहोचून थांबते.

ज्याने गावात राहून उन्हाळा काढला आहे त्याला मात्र तिसरी गोष्टही ठाऊक असते. नदीला असतात तसे उन्हाळ्याच्या दिवसालाही दोन काठ असतात. मधला प्रवाह तापलेला, दृष्टी न ठरू देणारा. पण अलीकडे पहाट असते आणि पलीकडे सांजवेळ. पहाटे अंगणातली माती पायाला गार लागते, दयाळ पक्षी उजाडण्याआधीच शीळ घालू लागतो, रहाटाचा किंवा पंपाचा आवाज वाडीतून येतो. सायंकाळी ऊन नारळीच्या झावळ्यांवरून उतरले की पडवीत बसलेली माणसे ओट्यावर येतात, ओट्यावरची अंगणात येतात आणि अंगणातली वाटेवर. बारा तास ताटातूट झालेले गाव पुन्हा एकत्र येते. हा आनंद खरा आहे, गरीब-श्रीमंत सर्वांना तो फुकट मिळतो, आणि त्यासाठी कुठल्याही थंड हवेच्या ठिकाणी जावे लागत नाही.

या आनंदामागे निसर्गाचा साधा हिशेब आहे. जमीन दिवसभर ऊन पिते आणि रात्रभर ती उष्णता आकाशाकडे परत सोडत राहते. त्यामुळे दिवसाचे सर्वांत कमी तापमान मध्यरात्री न येता सूर्योदयाच्या सुमारास येते. किनाऱ्यावर यात वाऱ्याची भर पडते. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते, म्हणून पहाटेपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. दिवसा जमीन तापली की समुद्राकडून खारे वारे येतात आणि उतरती दुपार सुसह्य करतात. शाळेच्या भूगोलातून हे आपण सर्वच शिकलो. प्रश्न असा की आपल्या कवी-लेखकांनी या दोन काठांचे काय केले? या लेखात काही निवडक कृतींच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी दोन साध्या कसोट्या मी हाताशी घेतो. पहिली: या पहाटे जागे कोण आहे? आणि दुसरी: या सांजवेळेला मधली दुपार आठवते काय?

प्रारंभ कालिदासाच्या नावावर असलेल्या 'ऋतुसंहारा'पासून करणे योग्य ठरेल. हे काव्य कालिदासाचेच की काय, याविषयी पंडितांत मतभेद आहेत. पण त्याचे ऐतिहासिक महत्त्व वादातीत आहे. १७९२ साली विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात ते छापले, तेव्हा मुद्रित झालेला तो पहिला संस्कृत ग्रंथ ठरला. सहा ऋतूंच्या या काव्याचा आरंभ वसंताने न होता ग्रीष्माने होतो, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. अगदी पहिल्याच श्लोकात कवी सूर्याच्या प्रखरतेबरोबर दिवसाच्या अखेरीच्या रमणीयतेचाही उल्लेख करतो. म्हणजे उन्हाळ्याची सायंकाळ सुंदर असते, हे भारतीय काव्याने फार पूर्वी आणि ठळक जागी नोंदवून ठेवले आहे.

पण हे सौंदर्य कोणाच्या वाट्याचे आहे? सर्गाच्या पूर्वार्धात दिसतात ते जलयंत्रे असलेली गृहे, चंदनाची उटी, प्रासादांच्या गच्च्या, गीत आणि मद्य. सायंकाळ आणि रात्र ही गच्चीवरच्या माणसांची आहेत. पहाट मात्र ठळकपणे एकदाच येते. धवल प्रासादांवर सुखाने निजलेल्या स्त्रियांची मुखे रात्रभर न्याहाळणारा चंद्र रात्र संपताना जणू लाजेने फिका पडतो, अशी ती कल्पना आहे. कल्पना मोठी गोड आहे. पण आपली पहिली कसोटी तिला लावून पाहा. या पहाटे जागे कोण आहे? फक्त चंद्र. माणसे झोपलेली आहेत. ग्रीष्मातला सर्वांत गार प्रहर येतो आणि कोणाच्याही अंगाला न लागता निघून जातो.

तथापि येथेच थांबलो तर कवीवर अन्याय होईल. याच सर्गाच्या उत्तरार्धात तो गच्ची सोडून रानात येतो आणि तेथे त्याची लेखणी एकदम निराळी होते. उन्हाने पोळलेला साप मोराच्या पिसाऱ्याच्या सावलीत येऊन पडतो आणि मोर त्याला मारीत नाही. बेडूक नागाच्या फणीखाली आसरा घेतो. सिंह जवळ असलेल्या हत्तीवर झेप घेत नाही. रानडुकरे आटलेल्या तळ्याचा चिखल उकरतात. शेवटी वणवा लागतो, तेव्हा हत्ती, बैल आणि सिंह मित्रांसारखे एकत्र बाहेर पडून नदीच्या वाळवंटाचा आश्रय घेतात. वैर विसरायला लावणारी ही दुपार विलक्षण आहे. जेथे कवी उपभोग सांगतो तेथे तो संकेतांवर विसंबतो. जेथे दाह सांगतो तेथे तो डोळे उघडून पाहतो. सर्गाचा शेवट पुन्हा गच्चीवरच्या सुखद रात्रीच्या शुभेच्छेने होतो खरा, पण वाचकाच्या मनात राहतो तो मोराच्या सावलीतला साप.

आधुनिक मराठीत पहाटेचा आणि सांजेचा कवी म्हणून पहिले नाव ओठांवर येते ते बालकवींचे. त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांचा जन्म १८९० साली खानदेशात, धरणगाव येथे झाला. १९०७ साली जळगावला भरलेल्या कविसंमेलनात त्यांना 'बालकवी' ही पदवी मिळाली. त्या संमेलनाचे अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे स्वतः वनस्पतिशास्त्राचे गाढे जाणकार होते. ख्रिस्ती मराठी कवितेचे अग्रणी रेव्हरंड ना. वा. टिळक यांच्या अहमदनगरच्या घरी या तरुण कवीला मिळालेला जिव्हाळा आपल्या वाचकांना परिचित आहेच. 'अरुण', 'संध्यारजनी', 'फुलराणी' ही नुसती शीर्षके वाचली तरी या कवीचे मन दिवसाच्या कोणत्या वेळी रमत होते हे कळते.

'फुलराणी' या कवितेची रचना या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. हिरवळीवर खेळणारी एक अजाण कळी. सांजवेळी सूर्यकिरणाशी तिची नजरानजर होते, वारा तिची थट्टा करतो. मग तळमळीची रात्र. आणि पहाटे त्या किरणाशी तिचा विवाह. सायंकाळपासून सकाळपर्यंतचा हा प्रवास आहे. म्हणजे कवीने दोन्ही काठ घेतले आणि मधून रात्रीची शांत नदी वाहू दिली. दुपार मात्र त्याने कवितेत येऊच दिली नाही. ज्या किरणाशी कळीचे लग्न लागले तोच किरण सहा तासांनी त्या हिरवळीवर कसा वागेल, हा प्रश्न पडण्यापूर्वीच कविता संपते. परीकथा विवाहापाशी संपते, तशीच.

हा दोष आहे असे मी म्हणणार नाही. भावकवितेला आपला क्षण निवडण्याचा अधिकार असतो आणि त्या क्षणाची अपूर्वाई बालकवींनी मराठीला दिली, हे ऋण मोठे आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. या पहाटेला महिना नाही. या फुलाला जातही नाही. ते कोणते फूल, हे कविता सांगत नाही. दव आणि हिरवळ असलेली ही पहाट खानदेशच्या वैशाखातली तर नक्कीच नाही. त्याच खानदेशात, भादली स्टेशनाजवळ, ५ मे १९१८ रोजी या कवीचा रेल्वे अपघातात अंत झाला. ज्या भूमीचा उन्हाळा महाराष्ट्रातील कडक उन्हाळ्यांत गणला जातो, त्या भूमीच्या कवीने पहाटेचे गाणे गाताना तो उन्हाळा दाराबाहेर ठेवला. नंतरच्या असंख्य कवींनी त्याच्याकडून पहाट घेतली, पण त्याची उत्कटता घेणे त्यांना जमले नाही. म्हणून आपल्या अंकांतून आणि शालेय निबंधांतून केशरी पूर्वा, सोनेरी किरणे आणि मंद झुळूक यांची रांग अजून हललेली नाही.

योगायोग असा की, त्याच जिल्ह्यातल्या असोदे गावची दुसरी एक कवयित्री याच्या अगदी उलट टोकाला उभी आहे. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० चा, म्हणजे बालकवींहून दहा वर्षे आधीचा. त्या १९५१ मध्ये वारल्या आणि त्यांची गाणी १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथरूपाने आली. लिहिता-वाचता न येणाऱ्या या शेतकरी बाईच्या गाण्यांत निसर्ग दृश्य म्हणून क्वचितच येतो. तो कामाला आलेला असतो. घरोटावर दळताना ती घरोटाशी बोलते. मोट चालते तेव्हा ती मोटेचे गाणे करते. उफणणीसाठी खळ्यावर उभी राहून ती वाऱ्याला हाक मारते, कारण वारा आला नाही तर धान्यातला भुसा वेगळा होणार नाही. या कवितेतला वारा कोणाच्या केसांशी खेळत नाही. तो सोबतीला बोलावलेला कामकरी आहे आणि तो उशीर करतो म्हणून त्याला लडिवाळपणे सुनावलेही जाते.

पहिली कसोटी येथे लावली की उत्तर तत्काळ मिळते. या पहाटे बाई जागी आहे. केवळ बहिणाबाईच नव्हे, महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतल्या सहस्रावधी स्त्रिया तशाच जाग्या होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या, ते याच प्रहराचे साहित्य होय. पहाट ही कवींना सुचण्याची वेळ होती, त्याआधी ती स्त्रियांची दळण्याची वेळ होती. तेवढा एकच प्रहर त्यांना स्वतःचा मिळत असे आणि म्हणून माहेर, भाऊ, देव, दुःख सारे त्याच वेळी ओठांवर येई. पिठाची गिरणी आली, मनगटे सुटली. ही सुटका स्वागतार्हच होती. पण ओवीच्या जागी त्या प्रहराचे दुसरे बोल आले नाहीत, हीही वस्तुस्थिती आहे.

येथे आपल्या घरांत रोज उघडल्या जाणाऱ्या ग्रंथाची आठवण होणे स्वाभाविक आहे. कारण तोही उष्ण प्रदेशातील माणसांनी लिहिलेला आहे. बायबलकडे आपण श्रद्धेने पाहतो, त्यामुळे त्यातील कथनाची कारागिरी पुष्कळदा नजरेतून निसटते. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात देव बागेत फिरतो तो दिवसाच्या शीतल वेळी, वारा सुटलेला असताना. अठराव्या अध्यायात अब्राहाम तंबूच्या दाराशी भर उन्हाच्या वेळी बसलेला असतो आणि त्याच अडचणीच्या वेळी तीन पाहुणे येतात. म्हणून त्याच्या धावपळीला, पाय धुवायला आणलेल्या पाण्याला आणि झाडाखालच्या सावलीला मोल येते. चोविसाव्या अध्यायात अब्राहामाचा सेवक विहिरीपाशी उंट बसवतो तो सायंकाळी, स्त्रिया पाणी भरायला येतात त्या वेळी.

ही शेवटची वेळ ध्यानात ठेवून योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचावा. शोमरोनी स्त्री विहिरीवर येते ती भर दुपारी, एकटी. ती अशा वेळी का आली, हे लेखक सांगत नाही. उष्ण देशातल्या वाचकाला मात्र प्रश्न पडल्यावाचून राहत नाही, कारण सांजेच्या विहिरीवर किती बोलणे चालते हे त्याला माहीत असते. सांजवेळ ही गावाची वेळ. दुपार ही एकटे पडलेल्याची. तसेच मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याचे. मालक पहाटे मजूर शोधायला निघतो आणि सायंकाळी मजुरी वाटतो. दोन्ही काठ आहेत. पण साऱ्या कथेचा ताण मधल्या उन्हावर उभा आहे. दिवसभराचे ऊन सोसलेल्यांची तक्रार ऐकून घेतल्याशिवाय ती सांजवेळ आपल्याला मिळत नाही. सायंकाळच्या वर्णनासाठी तेथे एकही विशेषण खर्ची पडलेले नाही, तरीही ती सायंकाळ विसरता येत नाही.

मराठी गद्याकडे वळताना दुर्गा भागवत यांचे 'ऋतुचक्र' (१९५६) टाळून पुढे जाताच येणार नाही. मराठी महिन्यांच्या क्रमाने मांडलेले हे लेख 'वसंतहृदय चैत्रा'पासून सुरू होतात. बालकवींच्या पहाटेला जे नव्हते ते येथे मिळते: महिना मिळतो, झाडाला नाव मिळते, पालवीला नेमका रंग मिळतो. उन्हाळा म्हणजे सृष्टीचा मृत्यू हा आपला आळसावलेला समज दुर्गाबाईंनी मोडून काढला. वर आग ओतली जात असताना पिंपळ कोवळी पाने मिरवतो आणि पक्षी घरटी बांधण्यात गुंततात, हे त्यांनी अशा नजरेने दाखविले की, त्यानंतर रस्त्याकडेच्या झाडाकडे न पाहता जाणे वाचकाला जड व्हावे. निसर्ग ओळखायचा तर नावानिशी ओळखावा, ही त्यांची शिकवण ललित लेखकाने गाठीशी बांधावी अशी आहे. एकच उणीव मनात राहते. झाडे, फुले आणि पाखरे यांच्या या मेळ्यात माणसे थोडी मागे उभी राहतात. कसोटी लावली तर उत्तर येते: जागी आहे ती पाहणारी लेखिका, आणि अर्थातच झाडे.

माणसे पुढे आणली ती व्यंकटेश माडगूळकरांनी. 'बनगरवाडी' (१९५५) ही निसर्गवर्णनाची कादंबरी नाही, परंतु माणदेशाचे उघडे माळ तिच्या पानापानांत आहेत. मेंढरे रानात जाणे आणि मेंढरे परत येणे यांवर त्या वस्तीचा दिवस बेतलेला आहे. सकाळ आणि संध्याकाळ तेथे घड्याळाच्या जागी आहेत. माडगूळकर त्यांना सुंदर म्हणत नाहीत. ते फक्त कोण कोठे बसले होते आणि काय बोलले हे सांगतात. म्हणूनच शेवटी दुष्काळ येतो आणि माणसे वाडी सोडून जातात, तेव्हा जी ओसाडी येते ती आपल्याला आतून जाणवते. जी वाडी माणसांनी भरलेली पाहिली, तीच रिकामी झालेली दिसते. दुपारने दोन्ही काठ गिळून टाकले तर काय उरते, हे या संयत गद्यातून समजते.

येथे रसिक वाचक एक आक्षेप घेतील आणि तो ऐकून घेणे अगत्याचे आहे. ते म्हणतील, दिवसभर राबून दमलेल्या माणसाला सायंकाळी पुन्हा दुपारच का आठवावी? साहित्याने क्षणभर विसावा द्यावा, गार वाऱ्यात निवांत बसू द्यावे. प्रत्येक सुखाला श्रमाचे शेपूट जोडण्याचा आग्रह कशासाठी? आक्षेपात तथ्य आहे. सुखाबद्दल अपराधी वाटायला लावणारे लेखन हे प्रवचन होते आणि पुष्कळदा वाईट प्रवचन होते. ओट्यावर बसून वारा खाणाऱ्या म्हाताऱ्याला कोणाला हिशेब देण्याचे कारण नाही.

परंतु माझा मुद्दा नीतीचा नसून रुचीचा आहे. उन्हाळ्याच्या सांजवेळेची गोडी कशातून येते? माठातल्या पाण्याची चव तहानेने ठरते. मार्गशीर्षातली सायंकाळही गार असते, पण ती आपल्याला घरात ढकलते. वैशाखातली सायंकाळ घराबाहेर बोलावते. हा फरक दुपारने केलेला आहे. म्हणून दुपार वगळून लिहिलेली उन्हाळी सांज ही कोणत्याही ऋतूची सांज होते आणि तिची खास चव हरवते. 'ऋतुसंहारा'च्या पहिल्याच श्लोकात प्रखर सूर्य आणि रम्य दिनान्त शेजारी-शेजारी आहेत, ते उगीच नाही. मध्यान्हीच्या दाहाचे पान भरून वर्णन करावे असा आग्रह नाही. एखाद्या तापलेल्या चौथऱ्यावर हात टेकून चटकन उचलावा, एवढी आठवण पुरते.

आज या विचाराला आणखी एक निकड आली आहे. आपले दोन्ही काठ खचू लागले आहेत. भारतीय हवामान खात्याने उष्णतेच्या लाटेचे निकष ठरविले आहेत: मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सियस आणि किनाऱ्यावर ३७ अंश असून ते नेहमीपेक्षा बरेच अधिक असावे लागते. पण त्याच खात्याला 'उष्ण रात्र' नावाचीही नोंद ठेवावी लागते. दिवसाचे तापमान ४० अंशांवर राहून रात्रीचे किमान तापमान सरासरीहून साडेचार अंशांनी वर राहिले तर ती रात्र 'उष्ण' म्हणून नोंदली जाते. याचा अर्थ पहाटेपर्यंत जमीन निवलेलीच नसते. काँक्रीट आणि डांबर दिवसभर साठवलेली उष्णता रात्री उशिरापर्यंत सोडत राहतात. झाडे तुटली, बावखळे बुजली की गारवा देणारे पाणी आणि सावली दोन्ही जातात. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या भर उन्हातल्या मेळाव्यानंतर उष्माघाताने माणसे दगावली, तेव्हा महाराष्ट्राला उन्हाचे भय नव्याने कळले. दुपारची ही हानी मोजता येते. पहाटेची हानी मोजायला कोणी बसत नाही, कारण ती पाहायला जागे असावे लागते.

म्हणून असे वाटते की, आपल्या लेखकांनी, विशेषतः आपल्या गावांतून लिहू पाहणाऱ्या तरुणांनी, या दोन प्रहरांची नोंद नव्याने घ्यावी. साहित्याचा पुष्कळ ऐवज अजून तसाच पडून आहे. मोगरा हे उन्हाळ्याचे फूल. त्याची कळी उमलण्यापूर्वी खुडावी लागते. म्हणून वसईच्या वाडीत ऊन यायच्या आत बायका-माणसे ओंजळी भरत असतात आणि तो सुगंध लोकलगाडीने दादरच्या फुलबाजारात पोहोचतो. मुंबईतल्या देवघरातल्या आणि वेणीतल्या त्या कळ्यांमागे एक पहाट असते. तिचे काव्य कोणी केले? पूर्वेकडे विदर्भाच्या रानात चैत्राच्या सुमारास मोहाची फुले रात्रीपासून गळू लागतात आणि आदिवासी कुटुंबे उजाडताच टोपल्या घेऊन ती वेचायला निघतात. त्यांच्या लेखी पहाट म्हणजे वर्षाच्या कमाईतला वाटा. या दोन्ही ठिकाणी सौंदर्य आहे, सुगंध आहे, गारवा आहे आणि जागे असलेले माणूसही आहे. दोन्ही ठिकाणी थोड्याच वेळात ऊन चढणार आहे याचे भानही आहे.

असे लिहिताना शब्दांची श्रीमंती फारशी लागत नाही. लागते ती नेमकेपणाची सवय. 'पक्षी गात होते' याऐवजी कोणता पक्षी, 'फुले फुलली होती' याऐवजी बहावा की कुडा, 'वारा वाहत होता' याऐवजी मतलई की खारा, एवढे विचारून घेतले तरी निम्मे काम होते. उरलेले निम्मे माणसांकडे पाहण्याने होते. कालिदासाने रानातल्या सापाकडे पाहिले, बहिणाबाईंनी उशीर करणाऱ्या वाऱ्याकडे पाहिले, दुर्गाबाईंनी पालवीकडे पाहिले, माडगूळकरांनी परतणाऱ्या मेंढरांकडे पाहिले. प्रत्येकाची पाहण्याची वस्तू निराळी, पण पाहण्याला कंटाळा नाही हा गुण समान.

बालकवींची पहाट आपल्याला पाठ आहे आणि ती पाठ राहावी. मात्र तिच्याच नकला आणखी शंभर वर्षे पुरणार नाहीत. या उन्हाळ्यात कोणी पहाटे लवकर उठून वाडीची वाट धरील, किंवा सायंकाळी ओट्यावर दिवा न लावता थोडा वेळ बसेल, तेव्हा त्याने गारव्याचे सुख नि:संकोच घ्यावे. नंतर कागद पुढे ओढला तर एवढेच आठवावे, की आपल्या आधी त्या वाटेवर कोणाची तरी पावले उमटली होती आणि ती कोणाची होती हे लिहून ठेवण्याजोगे आहे.